‘वाय’ दाबण्याआधी : लिनक्सच्या अडलेल्या तपासणीचा आढावा

लिनक्सचे यंत्र सुरू होता होता मध्येच थांबते. काळ्या पडद्यावर शेवटची ओळ उरते : अनएक्स्पेक्टेड इनकन्सिस्टन्सी, रन एफएससीके मॅन्युअली. फाइलसिस्टिममध्ये अनपेक्षित विसंगती सापडली आहे, तपासणी हाताने चालवा. सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाला हा पडदा कधी ना कधी दिसतोच. अशा वेळी बहुतेकांचा हात एकाच उपायाकडे जातो. एफएससीके ही कमांड ‘वाय’ हा पर्याय जोडून चालवायची, म्हणजे तिने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला परस्पर ‘हो’ असे उत्तर जाते आणि यंत्र एकदाचे उठते. पुष्कळदा ते उठतेही. पण वाचवता आला असता असा डेटा कायमचा जातो तो याच सवयीने, म्हणून हा सगळा प्रश्न मुळापासून पाहायला हवा.

मुळाशी एक गोष्ट आहे आणि ती नीट समजून घ्यावी. एफएससीके फाइलसिस्टिमची रचना सुसंगत करते, तुमच्या फाइली वाचवणे हे तिचे काम नाही. एखादी फाइल उडवल्याने हिशोब जुळत असेल तर ती फाइल उडवेल, आणि स्वतःच्या नियमांनुसार ते बरोबरच असेल. तपासणीनंतर ‘क्लीन’ असा शेरा मिळालेल्या डिस्कवर तुमचा डेटाबेस नसूही शकतो.

हे असे का, हे इतिहासातून कळते. सुरुवातीच्या युनिक्समध्ये आयचेक, डीचेक, एनचेक अशा वेगवेगळ्या लहान कमांड होत्या आणि त्यांनी दाखवलेल्या चुका जाणकाराने हाताने निस्तरायच्या, अशी रीत होती. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात बेल लॅब्जमध्ये टेड कोवाल्स्की यांनी ही कामे एका प्रोग्रॅममध्ये आणली. पुढे बर्कलीत कर्क मॅक्‌क्यूसिक यांनी तिथल्या नव्या फाइलसिस्टिमसाठी तो घडवला. लिनक्सवर १९९३ साली एक्स्ट-टू आली आणि तिच्यासाठी थिओडोर त्सो यांनी ई-टू-एफएससीके हा तपासनीस सांभाळला. आज एक्स्ट-फोरच्या डिस्कवर बूटच्या वेळी चालतो तो हाच. एफएससीके हे नुसते दार आहे. आत जाऊन ती फाइलसिस्टिमच्या प्रकाराप्रमाणे योग्य तपासनीसाला बोलावते.

हा तपासनीस पाच फेऱ्या मारतो. पहिल्या फेरीत प्रत्येक आयनोड, म्हणजे फाइलची मूळ नोंद, आणि तिने व्यापलेले ब्लॉक तपासले जातात. दोन फाइली एकाच ब्लॉकवर हक्क सांगत असतील तर ते इथे उघडे पडते. मग डिरेक्टरींची आतली मांडणी, मग प्रत्येक डिरेक्टरी मुळापर्यंत जोडलेली आहे का, मग कोणत्या फाइलला किती नावे आहेत, आणि शेवटी मोकळ्या व भरलेल्या जागेचे नकाशे. ज्या नोंदीला बाप सापडत नाही ती ‘लॉस्ट अँड फाउंड’ या डिरेक्टरीत जाते, आणि तिचा आयनोड क्रमांक हेच तिचे नाव होते. या पाचही फेऱ्यांत फाइलच्या आतला मजकूर बरोबर आहे का, हे कोणीच पाहत नाही.

एक्स्ट-टूच्या काळात वीज गेली की पुढच्या बूटला पूर्ण तपासणी ठरलेली असे, आणि डिस्क मोठी असेल तर तिला तासही लागत. महाराष्ट्रातल्या लोडशेडिंगच्या वर्षांत ज्यांनी यूपीएसशिवायची यंत्रे सांभाळली त्यांना ही ताटकळ ठाऊक असेल. स्टीफन ट्वीडी यांनी १९९८ मध्ये जर्नलची कल्पना मांडली आणि नोव्हेंबर २००१ मध्ये कर्नल २.४.१५ बरोबर एक्स्ट-थ्री आली. व्यापारी आधी कीर्दीत नोंद करतो आणि मग खतावणीत उतरवतो, तसे रचनेतले बदल आधी जर्नलमध्ये लिहिले जाऊ लागले. वीज गेली तर पुढच्या बूटला जर्नल वाचून राहिलेले बदल उतरवायचे, काही सेकंदांत काम संपते. ‘रिकव्हरिंग जर्नल’ किंवा ‘क्लिअरिंग ऑर्फन्ड आयनोड’ अशा ओळी दिसल्या तर घाबरू नये. ती या व्यवस्थेची नेहमीची झाडलोट आहे.

जर्नल आल्यावर तपासणी अडण्याचा अर्थच पालटला, आणि हे पुरेसे कोणी सांगत नाही. पूर्वी अडलेली तपासणी म्हणजे वीज गेल्याची खूण होती. आता नुसती वीज जाण्याची भरपाई जर्नल करते. तरीही यंत्र ‘हाताने चालवा’ म्हणत असेल, तर जर्नलच्या आवाक्याबाहेरचे काहीतरी घडले आहे. डिस्क लिहिल्याची खोटी ग्वाही देते आहे, केबल ढिली आहे, रॅम बिघडली आहे, कोणीतरी तेच पार्टिशन दोनदा माउंट केले आहे, किंवा क्वचित कर्नलमध्येच दोष आहे. फाइलसिस्टिम निरोप घेऊन आलेली असते. निरोप न वाचता तिचेच तोंड पुसून काही साधत नाही.

बूटच्या वेळी तपासणी कशी अडते तेही पाहू. एफएसटॅब या फाइलच्या सहाव्या रकान्यात तपासणीचा क्रम असतो. रूटसाठी १, बाकीच्यांसाठी २, आणि ० म्हणजे तपासू नका. डेबियन आणि उबुंटूवर रूटची तपासणी इनिटरॅमएफएसमध्ये, म्हणजे खरी सिस्टिम माउंट होण्याआधीच्या छोट्या परिसरात होते. बाकीच्या डिस्कांची तपासणी सिस्टिमडी करते. बूटच्या वेळी ई-टू-एफएससीके सावध पद्धतीने चालते. ज्या दुरुस्तीत शंका नाही तेवढीच ती करते, आणि निर्णय घ्यावा लागणार असे दिसले की हात आखडता घेऊन ४ हा परतावा देते. म्हणजे यंत्र अडले याचा अर्थ प्रोग्रॅम हरला असा नाही. हा निर्णय माणसाने घ्यावा असे त्याने ठरवले आहे. प्रत्येक प्रश्नाला ‘वाय’ देऊन आपण तो निर्णय पुन्हा त्याच्याच गळ्यात टाकतो.

हे परतावे ओळखता आले तर अर्धे काम होते. ० म्हणजे सर्व ठीक. १ म्हणजे चुका होत्या, दुरुस्त झाल्या. २ म्हणजे दुरुस्त झाल्या, पण यंत्र पुन्हा सुरू करा. ४ म्हणजे चुका शिल्लक आहेत. ८ म्हणजे तपासणीच नीट चालली नाही. हे आकडे एकमेकांत मिळवले जातात, त्यामुळे १२ दिसला तर तो ४ आणि ८ यांची बेरीज आहे. सगळ्यात जास्त गोंधळ ४ आणि ८ यांच्यात होतो. ४ आला तर फाइलसिस्टिमकडे पाहावे. ८ आला तर आधी डिव्हाइसकडे, एफएसटॅबकडे आणि तपासनीसाच्या आवृत्तीकडे पाहावे. सिस्टिमडी तर पुष्कळदा ८ ला ‘इग्नोअरिंग एरर’ म्हणून पुढे जाते आणि मग माउंटच्या पायरीवर यंत्र अडते. त्यामुळे पडद्यावरच्या शेवटच्या ओळीवर न थांबता जर्नलसीटीएलने या बूटची पूर्ण नोंद मागे सरकवत पहिली चूक शोधावी.

याच नोंदीत आणखी एक फरक दडलेला असतो. ‘फेल्ड टू स्टार्ट फाइल सिस्टिम चेक’ म्हणजे तपासणी सुरू झाली आणि अपयशी ठरली. ‘डिपेंडन्सी फेल्ड फॉर फाइल सिस्टिम चेक’ म्हणजे तपासणीची वेळच आली नाही, कारण जिची तपासणी करायची ती डिस्क सापडलीच नाही. हा दुसरा प्रकार फार वेळा पाहायला मिळतो. एखादे पार्टिशन नव्याने फॉरमॅट केले, त्याची यूयूआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, बदलली आणि एफएसटॅबमध्ये जुनीच राहिली. बॅकअपची यूएसबी डिस्क एफएसटॅबमध्ये लिहिली होती आणि एके दिवशी ती काढून ठेवली. किंवा एफएसटॅबमध्ये यूयूआयडीऐवजी ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशी नावे लिहिली होती आणि नवी डिस्क बसवल्यावर त्यांची अदलाबदल झाली. मग सिस्टिमडी नव्वद सेकंद वाट पाहते, पडद्यावर ‘अ स्टार्ट जॉब इज रनिंग’ ही ओळ फिरत राहते आणि शेवटी आपत्कालीन अवस्था येते. इथे फाइलसिस्टिमला काहीही झालेले नसते, आणि एफएससीके कितीही वेळा चालवली तरी उपयोग नाही. रूट लिहिण्यासाठी पुन्हा माउंट करायचा, बीएलकेआयडीने खरी यूयूआयडी पाहायची आणि एफएसटॅबमधली ओळ सुधारायची, एवढेच काम आहे. जी डिस्क नसली तरी यंत्र चालले पाहिजे, तिच्या ओळीत ‘नोफेल’ लिहून ठेवावे. क्लाउडवरच्या यंत्रांसाठी तर मी हे सक्तीचे मानतो, कारण तिथे कीबोर्ड लावायला कोणी जाऊ शकत नाही.

डेबियनवर इथेच आणखी एक अडचण भेटू शकते. आपत्कालीन अवस्था रूटचा पासवर्ड मागते, पण बसवताना रूटला पासवर्ड दिला नसेल तर त्याचे खाते मुळात कुलूपबंद असते. ‘रूट अकाउंट इज लॉक्ड’ असे सांगून यंत्र आत येऊच देत नाही. तेव्हा लाइव्ह यूएसबीवरून यंत्र सुरू करणे हा सरळ मार्ग. खरे तर रूटची तपासणी करायची असेल तेव्हाही हाच मार्ग चांगला, कारण माउंट असलेल्या फाइलसिस्टिमवर दुरुस्ती चालवणे म्हणजे धडधाकट डिस्क हाताने मोडणे.

मात्र लाइव्ह यूएसबी जुनी नसावी. ई-टू-एफएससीके ज्या संचात येते त्या ई-टू-एफएस-प्रॉग्जच्या १.४७ या २०२३ मधल्या आवृत्तीने एक्स्ट-फोरच्या दोन नव्या सोयी मूळ सेटिंगमध्येच सुरू केल्या. अशी फाइलसिस्टिम १.४६ च्या तपासनीसापुढे ठेवली की तो ‘फीचर सी-१२’ ओळखीचे नाही, नवी आवृत्ती आणा, असे म्हणून बाजूला होतो. संदेश भीतिदायक दिसतो, पण डिस्क ठणठणीत असते. दुसरा असाच नाहक घाबरवणारा संदेश घड्याळाचा : सुपरब्लॉकमधली, म्हणजे फाइलसिस्टिमच्या मुख्य नोंदीतली, शेवटच्या माउंटची वेळ भविष्यातली आहे. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी संपली की घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते, आणि मग कालची नोंदही उद्याची वाटू लागते. विंडोजबरोबर एकाच यंत्रावर लिनक्स ठेवणाऱ्यांना पूर्वी हा त्रास फार होई, कारण विंडोज हार्डवेअरचे घड्याळ स्थानिक वेळेवर ठेवते. आता ई-टू-एफएससीके चोवीस तासांपर्यंतचा फरक चालवून घेते, म्हणून आपला साडेपाच तासांचा फरक तिला खटकत नाही. पाचव्या पिढीच्या आधीच्या रास्पबेरी पायवर तर स्वतःचे घड्याळ नसतेच. बॅटरी बदलावी, वेळ दुरुस्त करावी, प्रश्न संपतो.

‘डिव्हाइस इज इन यूज’ असे म्हणून तपासणी थांबली तर ते पार्टिशन रेडचा किंवा एलव्हीएमचा भाग आहे का, ते पाहावे. रेडच्या एका सुट्या डिस्कवर दुरुस्ती चालवणे घातक आहे. तपासायचे असते ते सगळ्या डिस्का मिळून झालेले उपकरण.

हे सगळे वगळल्यावर जे उरते ते खरे नुकसान, आणि इथे घाई सर्वांत महाग पडते. पहिले काम एफएससीकेचे नाही. डीमेसगमध्ये ‘आय-ओ एरर’ आहे का ते पाहायचे. मग स्मार्टसीटीएलने डिस्कची स्वतःची नोंद वाचायची. ‘करंट पेंडिंग सेक्टर’ आणि ‘रिअलोकेटेड सेक्टर’ वाढत असतील तर डिस्क मरते आहे. ‘यूडीएमए सीआरसी एरर’ वाढत असेल तर बहुधा डिस्क चांगली आहे आणि केबल किंवा जोडणी खराब आहे. दोनशे रुपयांची केबल बदलून सुटणाऱ्या प्रश्नासाठी लोक अख्खी डिस्क पुसताना मी पाहिले आहेत, आणि त्याचे मला वाईट वाटते. स्मार्टची नोंद स्वच्छ आहे म्हणून डिस्क ठीक आहे असे मात्र समजू नये, काही डिस्का न सांगताच जातात. डिस्क आणि केबल दोन्ही निर्दोष दिसत असतील तर मेमटेस्ट रात्रभर चालवावी. खराब रॅममुळे तपासनीस स्वतःच चुकीचे वाचतो आणि निरोगी नोंदीही ‘दुरुस्त’ करून बिघडवतो.

डिस्क मरत असेल तर दुरुस्ती नाही, आधी प्रत. अँटोनियो डियाझ यांची जीएनयू डीडीरेस्क्यू त्यासाठीच आहे. ती आधी सहज वाचता येणारा भाग उचलते, अडणारे सेक्टर मागे ठेवते, आणि कुठवर काम झाले याची नोंदफाइल ठेवते, म्हणजे मध्येच थांबले तरी तिथूनच पुढे जाता येते. एफएससीके मात्र मरणाऱ्या डिस्कवर लिहिते, आणि प्रत्येक लेखन त्या डिस्कवर आणखी ताण टाकते. दुरुस्ती करायची ती प्रतीवर. व्हर्च्युअल यंत्र असेल तर हे आणखी सोपे. स्नॅपशॉट घ्यावा, तो दुसऱ्या यंत्राला जोडावा आणि तिथे काम करावे.

कधीकधी दोष कर्नलमध्येही असतो, आणि याचा विसर पडू नये. २०१८ च्या अखेरीस कर्नल ४.१९ वर लोकांच्या एक्स्ट-फोर डिस्का बिघडू लागल्या. दोष सुरुवातीला एक्स्ट-फोरला दिला गेला, पण खरा दोष तिच्या खालच्या, डिस्ककडे मागण्या पाठवणाऱ्या थरात निघाला आणि ४.१९.८ मध्ये दुरुस्त झाला. डिसेंबर २०२३ मध्ये ६.१.६४ या कर्नलमध्ये एक्स्ट-फोरचा डेटा बिघडवणारी चूक सापडली आणि डेबियनने १२.३ ही आवृत्ती रोखून दुसऱ्याच दिवशी १२.४ दिली. कर्नल नुकताच बदलला असेल आणि तपासणी एकाएकी अडू लागली असेल, तर जुन्या कर्नलवर जाऊन पाहणे हा निदानाचाच भाग आहे.

प्रत हाती आली की दुरुस्ती. आधी ‘एन’ पर्यायाने नुसते वाचायचे, म्हणजे प्रत्येक प्रश्नाला ‘नाही’. यात जर्नल उतरवले जात नाही, म्हणून दिसणाऱ्या चुकांपैकी काही जर्नल उतरवल्यावर आपोआप जातात, हे ध्यानात ठेवावे. मग दुरुस्ती चालवताना ‘झेड’ हा पर्याय द्यावा. फार थोड्यांना तो ठाऊक आहे. तो दिला की ई-टू-एफएससीके जे जे बदलते त्याचे मूळ रूप दुसऱ्या डिस्कवरच्या एका फाइलमध्ये साठवते आणि ई-टू-अनडूने सगळे मागे फिरवता येते. इतकी सोय असताना ‘वाय’ एकट्याने का चालवावा, हे मला कळत नाही.

सुपरब्लॉकच बिघडला असेल तर त्याच्या राखीव प्रती आहेत. चार किलोबाइटच्या ब्लॉकवर पहिली प्रत ३२७६८ व्या ब्लॉकवर असते, एक किलोबाइटच्या ब्लॉकवर ८१९३ व्या. ‘बी’ पर्यायाने तो आकडा द्यायचा. प्रतींच्या जागा शोधण्यासाठी एमकेई-टू-एफएस ‘एन’ पर्यायासह चालवा, असा सल्ला पुष्कळ ठिकाणी मिळतो. तो बरोबर आहे, पण ‘एन’ विसरलात तर ती कमांड डिस्क फॉरमॅट करते. थकलेल्या माणसाने रात्री दोन वाजता ती टंकू नये. दुरुस्तीनंतर ‘लॉस्ट अँड फाउंड’मध्ये डोकवायला विसरू नये. आकड्यांची नावे असलेल्या त्या फाइली ‘फाइल’ कमांडने ओळखता येतात, आणि हरवलेला डेटाबेस तिथे सापडू शकतो.

हे सगळे एक्स्ट घराण्यापुरते झाले. एक्सएफएसची गोष्ट वेगळी आहे. २०१४ मध्ये रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ७ ने ती मूळ फाइलसिस्टिम म्हणून घेतली. बूटच्या वेळी तिची तपासणी काहीच न करता ‘ठीक’ म्हणून परत येते, कारण लॉग उतरवण्याचे काम माउंटच्या वेळी कर्नल करतो. म्हणून तिचा बिघाड ‘स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग’ असे म्हणत माउंटच्या पायरीवर उघडा पडतो. एक्सएफएस-रिपेअर भरलेला लॉग दिसला की नकार देते आणि आधी माउंट करून लॉग उतरवा असे सांगते. तो सल्ला ऐकावा. ‘एल’ पर्यायाने लॉग पुसणे हा शेवटचा उपाय, त्यात अलीकडचे बदल जातात. बीटीआरएफएस, जी २०२० मध्ये फेडोरा ३३ च्या डेस्कटॉपवर मूळ झाली, ती तर दुरुस्तीचा पर्याय चालवण्याआधी दहा सेकंद थांबून इशारा देते. तिच्यासाठी आधी स्क्रब, मग फक्त वाचनासाठी माउंट करून प्रत. एक्स्टवरची सवय या दोघींवर चालवू नये.

‘क्लीन’ म्हणजे सुरक्षित नव्हे, याचा पुरावा २००९ मध्ये सर्वांनीच पाहिला. एक्स्ट-फोर नवी होती, डिस्कवर मजकूर उशिरा लिहिण्याची तिची पद्धतही नवी होती. यंत्र अचानक बंद पडल्यावर लोकांच्या डेस्कटॉपच्या सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या झाल्या. फाइलसिस्टिम मात्र पूर्ण सुसंगत होती, तपासणी बिनतक्रार पार पडत होती. कर्नल २.६.३० मध्ये त्यावर उपाय आला, पण तत्त्व तेच राहिले. मजकुराची खात्री प्रोग्रॅमने आणि बॅकअपने द्यायची असते.

ठरावीक माउंटनंतर किंवा सहा महिन्यांनी होणारी सक्तीची तपासणीही आता मूळ सेटिंगमध्ये नसते. २०११ मध्ये ई-टू-एफएस-प्रॉग्ज १.४२ ने ती बंद केली. त्यामुळे आज कित्येक सर्व्हर वर्षानुवर्षे पूर्ण तपासणीशिवाय चालतात, आणि पहिला बिघाड उघडा पडतो तो नेमका बूट अडते त्या दिवशी. एलव्हीएमवर असाल तर २०१९ पासून ई-टू-स्क्रब आहे. यंत्र चालू असताना स्नॅपशॉटवर ती पूर्ण तपासणी करते आणि दोष आधीच कळतो. एलव्हीएम नसेल तर ट्यून-टू-एफएसने मुदत पुन्हा लावून घ्यावी.

ज्यांच्या हाती दुसऱ्यांचा डेटा आहे त्यांना एकच विनंती. आज, यंत्र नीट चालू असताना, एफएसटॅब उघडून प्रत्येक ओळ तपासा, नव्या आवृत्तीची एक लाइव्ह यूएसबी कपाटात ठेवा, आणि बॅकअपमधून एक फाइल खरोखर परत आणून पाहा. मग तो काळा पडदा आला, तरी ‘वाय’ दाबण्याची घाई करावी लागणार नाही.